सहल पायऱ्या मोजून करावी

(मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यासपीठावरचे मान्यवर, समोर बसलेली वडीलधारी मंडळी, आणि भाषण संपून चहा कधी मिळतो याची वाट पाहत मागे उभी असलेली तरुण मंडळी, सगळ्यांना नमस्कार.

आपल्या कार्यवाहांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "काकू, तुम्ही अख्खं घर घेऊन सिमल्याला जाऊन आलात, त्यावर बोला. लोकांना उपयोग होईल." मी म्हटलं, "बोलते, पण एका अटीवर. आम्ही दोनदा गेलो होतो. पहिली सहल फसली होती. तीही सांगणार." ते म्हणाले, "तीच आधी सांगा." म्हणून तीच आधी सांगते.

२०१४ चा मे महिना. आपल्या ग्वाल्हेरचा मे म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. पारा पंचेचाळीसवर, कूलरमधून गरम वारा, आणि घराघरात एकच विषय, की कुठेतरी थंड जाऊ या. आमच्या घरातून आठ जण निघालो. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, तेव्हा शहात्तर वर्षांचे. सासूबाई बहात्तरच्या. आम्ही दोघं, दीर-जाऊ, माझा मुलगा आणि अकरा वर्षांची पुतणी. बेत आखला माझ्या यजमानांनी आणि दिरांनी. दोघेही हिशेबाला पक्के. सात दिवसांत सिमला, कुफरी, जाखू, मनाली, रोहतांग, सगळं बसवलं. कागदावर प्रत्येक दिवसाचे चार-चार पॉइंट. मीही तो कागद पाहून खूश झाले होते, हे कबूल करते. पैसे वसूल व्हायला हवेत, असं मलाही वाटत होतं.

सिमल्याचं हॉटेल स्वस्तात मिळालं होतं. माल रोडपासून जवळ, असं सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. फक्त ते माल रोडच्या खाली होतं. किती खाली? पंच्याहत्तर पायऱ्या. मी नंतर मोजल्या. आधी मोजायला हव्या होत्या.

ज्यांनी सिमला पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. हे शहर आपल्या लष्करासारखं पसरलेलं नाही, ते डोंगराच्या कण्यावर थरांत रचलेलं आहे. खाली गाड्यांचा कार्ट रोड, त्याच्या वर लोअर बाजार, त्याच्या वर माल, त्याच्या वर रिज नावाचं मोकळं पटांगण, आणि सगळ्यांच्या वर जाखूचा डोंगर. मालवर आणि रिजवर आपली गाडी नेता येत नाही. त्यामुळे हिंडायला छान, पण एका थरातून दुसऱ्या थरात जायचं म्हणजे चढ नाहीतर पायऱ्या. नकाशावर दोनशे मीटर दिसतं ते अंतर गुडघ्यांना वेगळंच कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिजवर पोहोचेपर्यंतच अण्णा थकले. चर्चसमोरच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी इथे बसतो. छान ऊन आहे." आम्ही गेलो. आधी जाखू, मग आणखी एक ठिकाण, मग जेवण. अकराला गेलेलो आम्ही साडेतीनला परतलो. अण्णा त्याच बाकावर. आम्हाला पाहून हसले आणि म्हणाले, "झालं का सगळं बघून?"

रात्री त्यांना चक्कर आली. हॉटेलवाल्याने डॉक्टर बोलावून दिले. त्यांनी रक्तदाब पाहिला, जीभ पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "दिवसभरात पाणी किती प्यायले?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कुणालाच माहीत नव्हतं. उत्तर दिलं सासूबाईंनी. म्हणाल्या, "सकाळच्या चहानंतर काही नाही. प्यायलं की जावं लागतं. जायचं म्हणजे पंच्याहत्तर पायऱ्या उतरायच्या आणि पुन्हा चढायच्या. तुमचा खोळंबा नको म्हणून ते प्यायलेच नाहीत."

मंडळी, आमचे अण्णा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. तिघऱ्याचं पाणी या शहराला पोहोचवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आणि तो माणूस आपल्याच मुला-नातवंडांना त्रास नको म्हणून साडेचार तास तहानलेला बसून राहिला.

इथे समोर बसलेल्यांपैकी कितीजण प्रवासात मुद्दाम पाणी कमी पितात? हात वर करू नका, मला उत्तर माहीत आहे. आणि मागे उभे असलेल्यांपैकी कितीजणांना आपल्या आईवडिलांची ही सवय ठाऊक आहे? त्याचंही उत्तर मला माहीत आहे, कारण मलाही ठाऊक नव्हती.

डॉक्टरांनी आठ-नऊ तासांचा मनालीचा रस्ता नको म्हणून सांगितलं. आरक्षणं झाली होती, त्यावरून घरात जरा वाजलंही. शेवटी बाकीचे मनालीला गेले आणि अण्णा, सासूबाई आणि मी अशी तिघं सिमल्यात राहिलो. त्या रात्री अण्णा मला म्हणाले, "सूनबाई, तुझी सहल माझ्यामुळे बुडाली."

पण पुढचे तीन दिवस काय झालं ते ऐका. आम्ही खोली बदलली, रस्त्याला लागून असलेली घेतली. सकाळी सावकाश उठायचं. ऊन आलं की रिजवर जाऊन बसायचं. मालवरच्या कॉफी हाउसमध्ये पगडीवाले वाढपी कॉफी आणतात, ती प्यायची. दुपारी झोपायचं. संध्याकाळी पुन्हा रिज. तेव्हा अण्णांनी मला सांगितलं की आपण ज्या फरशीवर उभे आहोत, तिच्या खाली इंग्रजांच्या काळात बांधलेली पाण्याची मोठी टाकी आहे आणि ती अजून शहराला पाणी देते. म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं? म्हणाले, "त्या दिवशी चार तास बसलो होतो ना, तिथल्या एका माणसाशी गप्पा झाल्या." आम्ही चार पॉइंट पाहून आलो होतो आणि कुणालाच हे कळलं नव्हतं. बाकावर बसलेल्या माणसाला कळलं होतं.

मनालीहून मंडळी परत आली ती अंग आंबलेली, निम्मी सर्दीने बेजार. आणि आम्ही तिघं ताजेतवाने. तेव्हाच मी मनात ठरवलं की एकदा सगळ्यांना घेऊन पुन्हा इथेच यायचं, आणि अण्णांच्या त्या एका वाक्याची परतफेड करायची.

ते जमायला पाच वर्षं लागली. २०१९ साली दसऱ्यानंतर आम्ही निघालो. आता दहा जण होतो. अण्णा एक्याऐंशीचे आणि माझी नात चार वर्षांची. मधे सगळी वयं. या वेळी बेत मी आखला. तो कसा आखला ते आता क्रमाने सांगते. ज्यांना लिहून घ्यायचं त्यांनी घ्यावं.

पहिली गोष्ट. कुठे जायचं हे ठरवण्याआधी प्रत्येकाला एकेकटं गाठून विचारायचं, "तुला या सहलीत कोणती एकच गोष्ट हवी आहे?" सगळ्यांना एकत्र बसवून विचारलंत तर म्हातारी माणसं म्हणतात "आम्हाला काय, तुम्ही म्हणाल तसं", सुना गप्प बसतात आणि मोठ्या आवाजाचा माणूस ठरवून टाकतो. एकेकटं विचारल्यावर उत्तरं पाहा कशी आली. अण्णांना त्याच बाकावर बसायचं होतं. सासूबाईंना जाखूच्या हनुमानाचं दर्शन हवं होतं, कारण मागच्या वेळी ते राहिलं होतं. जावेला गेइटी थिएटर आतून पाहायचं होतं. मुलाला एक दिवस लांब भटकायचं होतं. सोळा वर्षांच्या पुतणीला एक सकाळ कुणी न उठवता झोपायचं होतं. आणि माझी सून बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "आई, आठवडाभर 'आज जेवायला काय करायचं' हा प्रश्न मला कुणी विचारू नये." मंडळी, ही यादी हाच बेत. बाकी सगळं तिच्याभोवती बसवायचं.

दुसरी गोष्ट. एक गाव, एक मुक्काम, सहा रात्री. बॅगा एकदाच उघडायच्या, एकदाच भरायच्या. घरातल्या म्हाताऱ्यांना आणि लहानग्यांना जागा ओळखीची व्हायला दोन दिवस लागतात. रात्री उठलं तर दिवा कुठे, न्हाणीघर कुठे, हे अंगवळणी पडतं आणि आपण तिथून निघतो. म्हणून निघूच नये.

तिसरी गोष्ट, दिवस कोणते. मे-जूनमध्ये सगळा उत्तर हिंदुस्थान डोंगरावर लोटतो. पावसाळ्यात डोंगर ढासळतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सिमल्यात समरहिलला दरड कोसळून केवढी माणसं गेली, रेल्वेचा रूळ कसा अधांतरी लोंबत होता, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. माझ्या अनुभवात ऑक्टोबर उत्तम. हवा स्वच्छ, दिवसा कोवळं ऊन, रात्री दोन पांघरुणं. मुलांच्या दसऱ्या-दिवाळीच्या सुट्टीत बसवता येतं.

चौथी गोष्ट, राहण्याची जागा. फोनवर मी "व्ह्यू कसा आहे" हे विचारलंच नाही. विचारलं ते असं: गाडी दारापर्यंत येते का? दारापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती? नेमका आकडा सांगा. कमोड आहे का? न्हाणीघरात धरायला काही आहे का? गरम पाणी किती वाजेपर्यंत? आणि दहा माणसं एकत्र बसतील अशी एखादी खोली किंवा ओसरी आहे का? तिसऱ्या ठिकाणी एका बाईंनी फोन ठेवून खरोखर पायऱ्या मोजल्या आणि सांगितलं, "नऊ." तिथेच आरक्षण केलं. जागा मालपासून थोडी लांब होती, पण कार्ट रोडवरून मालवर जायला लिफ्ट आहे. तिकीट काढलं की दोन टप्प्यांत माणूस वर. पहिल्या सहलीत त्या लिफ्टची आम्ही चौकशीसुद्धा केली नव्हती.

पाचवी गोष्ट, जाणं. ग्वाल्हेर ते सिमला एका दमात करू नका. आम्ही पहिली रात्र दिल्लीला नणंदेकडे काढली, दुसरी कालक्याला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी छोट्या गाडीत बसलो. कालका-सिमला रेल्वे १९०३ साली सुरू झाली, २००८ साली जागतिक वारशात गेली. शहाण्णव किलोमीटरला पाच-सहा तास लागतात. तरुण मंडळी म्हणतील, मोटारीने लवकर जाता येतं. पण या गाडीत पाच तास जातात ते प्रवासात जात नाहीत, सहलीतच जातात. शंभराहून जास्त बोगदे. माझी नात मोजत होती. तेहतिसावा बडोगचा, अकराशे मीटरहून लांब. तो संपेपर्यंत ती श्वास रोखून बसली आणि त्यानंतर झोपून गेली. अण्णांनी रूळ निरखून पाहिला आणि म्हणाले, "आपली श्योपूरची दोन फुटी होती, ही अडीच फुटी." तेव्हा आपली ग्वाल्हेरची छोटी गाडी अजून धावत होती. मग अण्णांनी पुतणीला तिच्या गोष्टी सांगितल्या, आणि पुतणीने तासभर फोन खाली ठेवला. एक सूचना: आरक्षण करताना डब्यात शौचालय आहे का ते आधी विचारा.

सहावी गोष्ट, दिवसाची आखणी. दिवसाला एकच काम. सकाळी दहाच्या आत कुणाला हाक मारायची नाही. दुपारी दोन ते चार विश्रांती. आणि सगळ्यांनी सगळीकडे जायचंच, हा हट्ट नाही. दिवसातून एक जेवण मात्र दहाही जणांनी एकत्र घ्यायचं. मुलगा, सून आणि पुतणी एक दिवस नारकंड्याला गेले, साठ-पासष्ट किलोमीटर. आम्ही त्या दिवशी लक्कड बाजारात खेळणी पाहत बसलो. संध्याकाळी दोघांकडे सांगायला काहीतरी होतं.

लक्कड बाजाराची एक गंमत सांगते. ग्वाल्हेरात अण्णांना आम्ही दोन वर्षं काठी घ्या म्हणून विनवत होतो. "बाड्यावर लोक काय म्हणतील?" एवढंच उत्तर. लक्कड बाजारात काठ्यांचीच दुकानं. जो येतो तो काठी घेतो, कॉलेजातली पोरंसुद्धा. नातीने एक छोटी काठी घेतली आणि म्हणाली, "पणजोबा, तुम्हाला कोणती?" घेतली की त्यांनी! नुसती घेतली नाही, परत आल्यावर बाड्यावरही नेली. आमची दोन वर्षांची विनवणी फुकट गेली होती, कारण काठी ही म्हातारपणाची खूण म्हणून आम्ही पुढे करत होतो. तिथे ती सहलीची वस्तू झाली.

सातवी गोष्ट, पाणी आणि औषधं. पाण्यासाठी आम्ही नियम केला, आणि तो सगळ्यांना लागू केला. नुसत्या अण्णांना "पाणी प्या" म्हटलं असतं तर ते रुसले असते. नातीच्या गळ्यात एक घुंगरू बांधलं. दर तासाला ती ते वाजवायची आणि दहाही जण दोन घोट घ्यायचे. आणि कुठेही पोहोचलो की आधी प्रसाधनगृह शोधायचं, मग देखावा. औषधं दोन वेगवेगळ्या बॅगांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, चार दिवसांची जास्तीची. निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना दाखवून यायचं. सिमला सात हजार फुटांवर आहे, त्यामुळे दम असलेल्यांनी, हृदयाचा त्रास असलेल्यांनी विचारल्याशिवाय निघू नये, आणि पहिला दिवस नुसतं बसून काढावा.

आणि चष्मा! चष्म्याचा दुसरा जोड न्या. हे माझ्या यादीत नव्हतं. तोवर जाखूला रोपवे झाला होता, म्हणून सासूबाई वरपर्यंत सुखाने गेल्या. एकशे आठ फुटांचा हनुमान पाहून त्यांनी हात जोडले, डोळे मिटले, आणि त्या मारुतिरायाच्या वानरसेनेतल्या एकाने त्यांचा चष्मा पळवला. फुटाण्याची पुडी दिल्यावर सोडला, पण एक काडी वाकवून. परत येईपर्यंत सासूबाई जग तिरकं पाहत होत्या. तेव्हा बेत कितीही पक्का करा, माकडांसाठी थोडी जागा ठेवा.

आठवी गोष्ट, पैसे. हा विषय आपण टाळतो आणि मग तो सहलीत कुठेतरी उफाळतो. आम्ही निघण्याआधी एक रक्कम ठरवून एका डब्यात जमा केली. अण्णांनी विचारलं, "माझे किती?" माझे यजमान म्हणाले, "तुमचे कसले पैसे?" अण्णांचा चेहरा पडला. मी म्हटलं, "छोट्या गाडीची दहा तिकिटं तुमची." ती त्यांनी पेन्शनमधून काढली आणि गाडीत तिकीट तपासनीस आल्यावर ऐटीत दाखवली. वडीलधाऱ्यांना काहीच करू न देणं म्हणजे मान देणं नव्हे, हे मी तिथे शिकले.

वादावादी झाली नाही असं समजू नका. चौथ्या दिवशी माझ्या मुलाने विचारलंच, "एवढ्या लांब येऊन नुसतं बसायचं?" त्याचंही चुकत नव्हतं. सात दिवसांची रजा त्याने मोठ्या मुश्किलीने मिळवलेली. मी त्याला एवढंच म्हटलं, "मनाली तिथेच राहणार आहे." पुढचं वाक्य मी बोलले नाही. त्याला कळलं. त्या संध्याकाळी तो अण्णांना घेऊन व्हाइसरॉयच्या वाड्यात गेला. १८८८ सालची ती इमारत, तिथे आता उच्च अध्ययन संस्था आहे. आत फिरून झाल्यावर दोघं बागेत बसले. काय बोलले ते मी विचारलं नाही. परत आले तेव्हा अण्णांचा हात त्याच्या खांद्यावर होता.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही सगळे रिजवर होतो. अण्णा त्यांच्या बाकावर, शेजारी पणती. ते तिला पायाखालच्या टाकीबद्दल सांगत होते आणि ती फरशीला कान लावून पाणी ऐकत होती. मी जवळ गेले तेव्हा अण्णा म्हणाले, "सूनबाई, मागच्या वेळी इथे बसून तुमची वाट पाहत होतो. या वेळी कुणाची वाट पाहावी लागली नाही."

पुढच्या वर्षी सगळं जग बंद झालं. २०२१ साली अण्णा गेले. ती काठी आमच्या दाराशी अजून उभी आहे.

गणपतीचे दिवस आहेत म्हणून जाता जाता एक आठवण करून देते. पृथ्वीप्रदक्षिणेची पैज आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. एक भाऊ मोरावर बसून सगळे पॉइंट करून आला. दुसरा आईवडिलांभोवती सावकाश फिरला. पूजा कुणाची होते, ते आपण मांडवात पाहतोच आहोत. आमची पहिली सहल मोरावरची होती. दुसरी उंदरावरची. तुम्ही कुठेही जा, सिमल्याला जा, मसुरीला जा, उटीला जा, पण आज घरी गेल्यावर आधी एक काम करा. घरातल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात गप्प माणसाजवळ बसा आणि विचारा, "तुम्हाला कोणती एकच गोष्ट हवी आहे?" उत्तराला वेळ लागेल. तेवढा वेळ बसा.

आणि इथून निघताना सगळ्यांनी पाणी प्या. बाहेर उजवीकडे ठेवलं आहे, एकही पायरी नाही.

गणपती बाप्पा मोरया!